कथेआधीची यादी

कादंबरीकार शेवटचे पान लिहून झाल्यावर पहिल्या पानाकडे परत येऊ शकतो. जे खटकते ते खोडावे, जे विसरले ते मध्ये घालावे, एखाद्या पात्राचा स्वभाव बदलला असेल तर त्याची पूर्वपीठिका नव्याने लिहावी, ही सर्व मुभा त्याला असते. मालिका लिहिणाऱ्यास ती नसते. पहिला भाग लाखो लोकांनी ऐकलेला किंवा पाहिलेला असतो, तेव्हा पन्नासावा भाग कागदावर उतरलेलाही नसतो. आणि तोंडातून गेलेल्या शब्दाप्रमाणेच प्रक्षेपित झालेला भाग काही परत घेता येत नाही. म्हणून या व्यवसायात दोन सावधगिरीचे उपाय रूढ झाले. नमुन्याचा एक भाग करून तो आधी पारखावयाचा, हा एक. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवाल्यांनी अशा भागास ‘पायलट’ हे नाव दिले. दुसरा उपाय अधिक साधा. लिहावयास बसण्यापूर्वी एक यादी करावयाची. पात्रे कोणती, कोणास काय हवे आहे, आड कोण येते, कोण बदलणार आणि केव्हा बदलणार, आणि हे सारे कोणाच्या कानावर घालावयाचे, असे प्रश्न त्या यादीत मांडावयाचे व दर भाग त्यांच्याशी ताडून पाहावयाचा.

यादी हाती घेऊन कथा लिहिणे म्हणजे वाण्याची यादी हाती घेऊन काव्य करणे, असा आक्षेप रसिकाच्या मनात तत्काळ येईल. हा आक्षेप जुना आहे, आणि त्याचा उत्तम निवाडाही जुनाच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यवस्तूच्या रचनेसाठी पाच अर्थप्रकृती, पाच अवस्था, पाच संधी आणि त्या संधींची चौसष्ट अंगे सांगितली आहेत. नाटककारासाठी याहून तपशीलवार यादी जगात फारशी कोणी केली नसेल. पुढे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या यादीचा उपयोग कसा करावा आणि कसा करू नये हे सांगितले. अंगांची योजना रसाच्या अपेक्षेने व्हावी, केवळ शास्त्राची आज्ञा पाळल्याचे समाधान मिळावे म्हणून होऊ नये, असा त्याचा अभिप्राय. चांगले उदाहरण म्हणून त्याने श्रीहर्षाची ‘रत्नावली’ दाखविली. आणि वाईट उदाहरण म्हणून भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’तील दुसऱ्या अंकाकडे बोट दाखविले. युद्ध पेटलेले, कुरुकुलाचा संहार चाललेला, आणि दुर्योधन मात्र भानुमतीशी शृंगार करीत बसलेला! ‘विलास’ नावाचे एक अंग भरताने सांगितले आहे, म्हणून ते तेथे आणून बसविले. रकाना भरला, रस मात्र खोळंबला.

विसाव्या शतकात नभोवाणी आणि दूरचित्रवाणी आल्यावर हाच वाद फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभा राहिला. या वेळी रसाच्या जोडीला आणखी एक अपेक्षा आली होती: कथा ऐकून लोकांनी काही करावे. धान्य अधिक पिकवावे, लिहावयास शिकावे, मुले बेताची होऊ द्यावीत. कथेला लोकहिताच्या कामी जुंपावयाचे म्हटले म्हणजे यादीचे महत्त्व वाढते, कारण सरकारी खात्याला कथा वाचून समाधान होत नाही. यादी वाचून होते. धोकाही नेमका येथेच असतो.

इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतरही शिधावाटप चालूच होते आणि शेतीचे उत्पन्न वाढविण्याची निकड होती. बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रावर शेतीविषयक कार्यक्रम पाहणारे गॉडफ्रे बेसली यांनी शेतकऱ्यांची व शेतकी खात्याच्या लोकांची एक सभा १९४८ साली बोलाविली. शेतकऱ्यांना ज्ञान द्यावयाचे तर काय करावे, याची रूक्ष चर्चा चालली असता हेन्री बर्ट नावाचे शेतकरी उठून म्हणाले की, शेतीचा एक ‘डिक बार्टन’ हवा! डिक बार्टन हा त्या काळी बीबीसीवर रोज संध्याकाळी साहसे करणारा गुप्तहेर. सभेत हशा पिकला. बेसलींच्या मनात मात्र ती कल्पना घर करून राहिली. पुढे त्यांनी त्या गुप्तहेराच्याच गोष्टी लिहिणारे एडवर्ड मेसन व जेफ्री वेब यांना गाठले आणि १९५० च्या मे महिन्यात पाच भागांचा नमुन्याचा आठवडा मध्य इंग्लंडापुरता ध्वनिक्षेपित केला. त्यास ‘पायलट’ म्हणावयास हरकत नाही. १ जानेवारी १९५१ पासून ‘द आर्चर्स’ ही मालिका सर्व देशभर ऐकू येऊ लागली, आणि ती आजही चालू आहे.

बेसलींच्या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट पात्रयोजनेत आहे. त्यांनी एकाच गावात तीन तऱ्हांचे शेतकरी ठेविले. डॅन आर्चर हा पैशाने बेताचा पण कामात चोख. वॉल्टर गॅब्रिएल हा पैशानेही बेताचा आणि कामातही ढिला. फेअरब्रदर हा पैसेवाला, शेतीत तोटा आला तरी ज्यास झळ लागत नाही असा उद्योगपती. खात्याला सांगावयाची कोणतीही गोष्ट या तिघांच्या कुंपणावरील बोलण्यातून सांगता येई, आणि ऐकणाऱ्यास उपदेश केल्याचा वास येत नसे. वॉल्टर गॅब्रिएल तर ढिला असूनही श्रोत्यांचा लाडका झाला. यादी करणाऱ्याने ज्याला दोषाचे उदाहरण म्हणून उभे करावे, त्याच्यावरच लोकांनी जीव लावावा, हा प्रकार या इतिहासात पुढे अनेकदा घडला. इंग्लंडात तो निरुपद्रवी ठरला इतकेच.

पुढचा धागा मात्र इंग्लंडातून निघत नाही. तो दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून निघतो, आणि तेथे कोणाच्या हाती लोकशिक्षणाची यादी नव्हती. १९६९ ते १९७१ या काळात लिमा शहरातून ‘सिंप्लेमेंते मारिया’ ही मालिका प्रसारित झाली. मूळ कथा अर्जेंटिनाच्या लेखिका सेलिया अल्कांतारा यांची. खेड्यातून राजधानीत मोलकरीण म्हणून आलेली मारिया एका वैद्यकीय विद्यार्थ्याकडून फसविली जाते, मूल पदरात पडते. ती रात्रीच्या वर्गात लिहावाचावयास शिकते, शिवणकाम शिकते आणि पुढे नामांकित वेषकार होते. साबी कामालिच या अभिनेत्रीने मारियाची भूमिका केली. मारियाचे तिच्या शिक्षकाशी, एस्तेबानशी, लग्न लागण्याचा प्रसंग लिमातील एका देवालयात चित्रित झाला, तेव्हा सुमारे दहा हजार लोक जमले. लग्न खोटे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि तरीही ते चांगले कपडे घालून व भेटी घेऊन आले होते.

त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच होती. जेथे जेथे ही मालिका दाखविली गेली तेथे तेथे सिंगर कंपनीच्या शिवणयंत्रांचा खप वाढला, आणि घरकाम करणाऱ्या मुली साक्षरतेच्या व शिवणाच्या वर्गांत नावे घालू लागल्या. कोणीही त्यांना ‘शिका’ म्हणून सांगितले नव्हते. लेखिकेने एक कथा सांगितली होती, आणि मुलींनी आपल्या मनाने तिच्यातून धडा काढला होता.

मेक्सिकोतील मिगेल साबीदो हे रंगभूमीवरून दूरचित्रवाणीत आलेले गृहस्थ. तेलेव्हिसा या संस्थेत संशोधनाचे काम त्यांच्याकडे होते. ‘मारिया’चा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, जणू एखाद्या सुगरणीच्या हातचा पदार्थ चाखून तिने न सांगितलेली कृती लिहून काढावी, तसा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली मुलांवर केलेल्या प्रयोगांतून एक सिद्धान्त पुढे आला होता: माणूस स्वतः ठेचा खाऊनच शिकतो असे नव्हे, दुसऱ्याला ठेच लागलेली पाहूनही शिकतो, आणि ज्याच्याशी आपले साम्य वाटते त्याच्यापासून अधिक शिकतो. साबीदोंनी हा सिद्धान्त एरिक बेंटलीच्या नाट्यविचाराशी व युंगच्या आदिप्रतिमांच्या कल्पनेशी जोडला, आणि मालिका लिहिण्यापूर्वी करावयाची एक सविस्तर यादी तयार केली.

ती यादी कशी होती? प्रथम ज्यांच्यासाठी कथा सांगावयाची त्यांची पाहणी करावी: ते कसे बोलतात, कशाला भितात, घरात निर्णय कोण घेतो. मग मूल्यांचा तक्ता करावा. त्यात एका बाजूस ‘अमुक चांगले’ आणि समोर ‘त्याच्या उलट ते वाईट’ अशी वाक्ये मांडावीत, आणि ती लेखकाच्या लहरीवर न सोडता देशाच्या राज्यघटनेतून व कायद्यांतून घ्यावीत, म्हणजे पुढे सरकार, धर्मसंस्था वा धंदेवाईक मंडळी यांच्यापैकी कोणासच तक्रार करावयास जागा राहू नये. मग पात्रे. काही चांगल्या मूल्याची बाजू घेणारी, काही विरुद्ध बाजूची. आणि या दोहोंच्या मध्ये, कोणत्या बाजूला जावे हे न कळणारी, डळमळणारी अशी काही. कथेचा खरा भार या तिसऱ्या गटावर. त्यांच्यापैकी एकाने मालिकेचा सुमारे एक तृतीयांश भाग झाल्यावर नवी वाट धरावी. दुसऱ्याने दोन तृतीयांश झाल्यावर. आणि तिसऱ्याने शेवटपर्यंत धरू नये व त्याचे फळ भोगावे. चांगल्या वागण्याचे बक्षीस आणि वाईटाची शिक्षा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर मिळाली पाहिजे. भागाच्या शेवटी एखाद्या सर्वमान्य व्यक्तीने अर्ध्या-एक मिनिटात घडल्या गोष्टीविषयी प्रेक्षकाशी बोलावे. आणि ज्यास शिकावेसे वाटेल त्याने उद्या सकाळी जावे कोठे, त्या वर्गाचा वा दवाखान्याचा पत्ता तयार असावा.

कीर्तन ऐकत वाढलेल्या मराठी माणसास हे सर्व वाचून थोडे हसू येईल. निरूपण आणि आख्यान यांची जोडी त्याला नवी नाही. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो व उत्तररंगात कथा सांगतो, साबीदोंनी क्रम उलटा केला, एवढाच फरक. पण कीर्तनकाराने आपल्या श्रोत्यांकडे पाहत बोलावयाचे असते. समोरचा माणूस पेंगला की तो लगेच एखादा विनोद सांगतो. चित्रवाणीला समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून तिला कागदावरच्या रकान्यांची गरज लागते.

या यादीवरून झालेली पहिली मालिका ‘व्हेन कोन्मिगो’, म्हणजे ‘माझ्याबरोबर ये’, १९७५-७६ मध्ये प्रसारित झाली. विषय प्रौढ साक्षरता. एका भागात पात्रांनी फुकट पुस्तके मिळण्याचे ठिकाण सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी मेक्सिको शहरातील त्या कोठारापाशी सुमारे पंचवीस हजार माणसे येऊन उभी राहिली; रस्ते तुंबले, पुस्तके संपली. यादीत पत्त्याचा रकाना होता, कोठारात पुस्तके किती हा मात्र नव्हता. पुढे कुटुंबनियोजनावरील ‘आकोम्पान्यामे’ ही मालिका १९७७-७८ मध्ये आली. साबीदोंचे नाव मेक्सिकोबाहेर जाऊ लागले ते या दोन मालिकांमुळे.

भारतात ही पद्धत आली ती सरकारी मार्गाने. १९८२ साली दूरदर्शनवर रंग आला व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नवी क्षेपणकेंद्रे झपाट्याने उभी राहू लागली. यंत्रे वाढली, पण त्यांवर दाखवावयाचे काय? लोकसंख्येच्या प्रश्नावर काम करणारे अमेरिकन गृहस्थ डेव्हिड पॉइंडेक्स्टर यांच्या खटपटीने माहिती व नभोवाणी खात्याचे सचिव एस. एस. गिल १९८३ साली मेक्सिकोस गेले व साबीदोंचे काम पाहून आले. त्यातून ‘हम लोग’ निघाली. लेखनासाठी हिंदीतील कादंबरीकार मनोहर श्याम जोशी यांची निवड झाली, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांनी केले, आणि भागाच्या शेवटी बोलावयास अशोककुमार आले. ७ जुलै १९८४ रोजी पहिला भाग झाला; १७ डिसेंबर १९८५ रोजी १५६ वा व शेवटचा.

पहिले तेरा भाग हीच या मालिकेची खरी परीक्षा ठरली. कुटुंबनियोजनाचा संदेश त्यांत इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले व टीका होऊ लागली. ‘वेणीसंहारा’तील दुसऱ्या अंकाप्रमाणे येथेही शास्त्राची आज्ञा पाळली जात होती आणि कथा उभी होती. पण मालिका हा प्रकार चालत्या गाडीसारखा असल्याने गाडीवानास वाट बदलता आली. जोशी व त्यांचे सहकारी यांनी कुटुंबनियोजनाचा सूर खाली आणला. घरातील कलह, स्त्रियांची स्थिती, बेकारी, दारू आणि निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांचे एकत्र राहणे यांना जागा दिली. मालिका तरली ती या बदलामुळे. मेक्सिकोच्या यादीतील अनेक गोष्टी दिल्लीत तितक्या काटेकोरपणे झाल्याच नाहीत, आणि त्यात सर्वच तोटा झाला असे म्हणता येत नाही. जोशी हे यादी सांभाळणारे कारकून नव्हते. उत्तर भारतातील खालच्या मध्यमवर्गाची बोली व तिच्यातील खोच त्यांच्या कानात होती.

ते कुटुंबही सर्वांच्या ओळखीचे झाले. दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम, सोशिक पत्नी भगवंती, सतत तक्रार करणारी पण घर धरून ठेवणारी आजी, नोकरीसाठी फिरणारा लल्लू, स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहणारी बडकी, चित्रपटांच्या मोहात वाट चुकणारी मझली, डॉक्टर होण्याची इच्छा बाळगणारी छुटकी, क्रिकेटवेडा नन्हे. बडकीच्या लग्नाच्या प्रसंगी लोकांनी अभिनंदनाची पत्रे धाडली. सर्व मिळून दूरदर्शनकडे व अशोककुमारांकडे सुमारे चार लाख पत्रे आली. त्यांत अशीही होती की, दादामणी, आमच्या वडिलांची समजूत घाला, आम्हांला मनाजोगते लग्न करावयाचे आहे! अर्ध्या मिनिटाचे समारोपाचे बोलणे हा यादीतील एक रकाना होता. लोकांनी त्या रकान्यात घरातला एक वडीलधारा माणूस बसविला.

आता भगवंतीकडे वळावयास हवे, कारण या सर्व इतिहासाची मेख तेथे आहे. स्त्रीने सर्व सोसावे, नवऱ्याचा अपमान गिळावा, सासूचे ऐकून घ्यावे, या वृत्तीचे फळ काय होते हे दाखविण्यासाठी भगवंतीची योजना होती; तिच्यासारखे होऊ नका, असा अर्थ अभिप्रेत होता. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी पुढे प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा पुष्कळ स्त्रियांनी अनुकरणीय म्हणून नेमके भगवंतीचेच नाव सांगितले. तक्त्याच्या उजव्या बाजूस लिहिलेले पात्र त्यांनी उचलून डाव्या बाजूस ठेविले.

असा प्रकार भारतातच घडला असे नाही. अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी मालिकेत आर्ची बंकर नावाचा वंशद्वेष्टा, आडमुठा गृहस्थ हास्यास्पद करण्यासाठी उभा केला होता. तीन वर्षांनी व्हिडमार व रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ज्यांच्या मनात आधीच तो द्वेष आहे त्यांना आर्चीच खरे बोलतो असे वाटते. पण आर्चीच्या चाहत्यांना आणि भगवंतीला आदर्श मानणाऱ्या स्त्रियांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. आर्चीच्या प्रेक्षकास आपला पूर्वग्रह जपावयाचा होता. भगवंतीची निवड करणाऱ्या स्त्रीस तिच्यात आपली आई दिसली असेल, किंवा ती स्वतः. सोसणे हा तिच्या लेखी दुबळेपणा नसून ते तिच्या आयुष्याचे एकमेव भांडवल असेल. ‘तुझे सर्व आयुष्य ही चूक आहे’ असे ज्या तक्त्यात लिहिले आहे, तो तिने का मान्य करावा? तक्ता करणाऱ्यांनी राज्यघटना वाचली होती. या स्त्रीला तिची मूल्ये कोणती हे विचारण्याचे काम मात्र पुरेसे झाले नव्हते, आणि साबीदोंच्या यादीतील पहिलीच पायरी, ज्यांच्यासाठी कथा त्यांची पाहणी, ही नेमकी यासाठी होती.

आणखी एक पाहुणा या घरात मुकाट्याने शिरला होता. ‘हम लोग’ला जाहिरातीचा आश्रय मिळाला तो ‘मॅगी’ या शेवयांच्या पुडक्यांचा. मालिकेबरोबर त्या पदार्थाचेही नाव घरोघर झाले, आणि आश्रय देऊन मालिका चालविणे फायद्याचे आहे हे उद्योगधंद्यांना कळून चुकले. १९८६ मध्ये जोशींचीच ‘बुनियाद’ आली; इतर अनेक आल्या. लोकशिक्षणाची यादी मागे पडून जाहिरातदाराची यादी पुढे आली, आणि पेरूतील शिवणयंत्राचे वर्तुळ दिल्लीत पुरे झाले. सरकारी पैशाने दाखवून दिलेली युक्ती धंद्याने उचलावी यात आश्चर्य नाही. खेद एवढाच की उचलताना समारोपाचे ते अर्धे मिनिट आणि त्या प्रश्नांचा तक्ता, दोन्ही रस्त्यात टाकून दिले गेले.

यादीचा उपयोग पुढे नभोवाणीने अधिक चिकाटीने केला. टांझानियात १९९३ साली ‘ट्वेंडे ना वाकाती’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा दोदोमा भागात ती मुद्दाम दोन वर्षे ऐकविली नाही, म्हणजे ऐकणाऱ्या व न ऐकणाऱ्या प्रदेशांची तुलना करता यावी. यादीलाच यादी लावून पाहण्याचा हा प्रकार. आणि ऐकणाऱ्या भागात कुटुंबनियोजनाचा अंगीकार अधिक झाला असे त्यात आढळले.

आकाशवाणीने १९९६ च्या फेब्रुवारीपासून वर्षभर ‘तिनका तिनका सुख’ ही १०४ भागांची हिंदी मालिका उत्तर भारतातील केंद्रांवरून ध्वनिक्षेपित केली. ब्रिजपूर या कल्पित गावाची ती कथा. त्यातील पूनम हुंड्याच्या छळाने जीव देते. उत्तर प्रदेशातील लुटसान या गावी एका शिंप्याच्या दुकानात ही मालिका ऐकणारी मंडळी जमत. पूनमच्या मृत्यूनंतर त्यांनी एका मोठ्या कागदावर आकाशवाणीला पत्र लिहिले: आम्ही हुंडा घेणार नाही व देणार नाही, मुलींना शाळेत पाठवू. त्याखाली १८४ गावकऱ्यांच्या सह्या व अंगठे होते.

त्या पत्राने संशोधक लुटसानला गेले आणि पुन्हा पुन्हा जात राहिले. त्यांना जे दिसले ते पत्राइतके स्वच्छ नव्हते. तरुण मुलामुलींनी श्रोतृमंडळे केली होती, एकत्र बसून मालिकेतील प्रसंगांवर ती वाद घालीत होती. मुलींच्या शाळेविषयी बोलणे वाढले होते. पण मुलगे व मुली एकत्र बसतात म्हणून काही वडील माणसे नाराज झाली, आणि सही करणाऱ्या साऱ्यांनाच आपल्या घरातील लग्नात तो शब्द पाळणे साधेल असे दिसेना. पूनमसाठी रडणे सोपे गेले. व्याह्यांपुढे बसून बोलणी करण्याची वेळ आली म्हणजे गोष्ट निराळी होई. तरी संशोधकांना एक फरक स्पष्टपणे जाणवला. पूर्वी हुंड्याविषयी जे मनात ठेविले जाई, ते आता दुकानात, विहिरीवर व शाळेच्या ओट्यावर मोठ्याने बोलले जात होते, आणि बोलणारे पूनमचे नाव आपल्याच गावातील एखाद्या गेलेल्या मुलीचे घ्यावे तसे घेत होते.